रूट कॅनलच्या आधी आईच्या डब्यातली झोपेची निम्मी गोळी घेतली तर चालेल का?

डबलबेल:

नमस्कार मंडळी. एरवी मी गाड्यांच्या धाग्यांवर असतो, इकडं आरोग्यात पहिल्यांदाच आलोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, पण मग उत्तर द्या.

वय ४६. एस.टी.त चालक, १९ वर्षं झाली. कराड–चिपळूण कित्येक पावसाळे केली. कुंभार्ली घाटात जुलैच्या रात्री काचेपुढं हातभर दिसत नाही अशा धुक्यातून मागं चाळीस-पन्नास माणसं घेऊन उतरलोय. तेव्हा हाताला घाम येत नाही. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत येतो. पँटला पुसावा लागतो इतका.

खालची डावी, शेवटून दुसरी दाढ. दिवाळीपासून अधूनमधून कळ मारायची. लवंग धरली, लवंगेचं तेल लावलं, मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस ढकलले. गेल्या पंधरवड्यात रात्रीचा ठणका लागला. आडवं झालं की वाढतो, उठून बसलं की जरा उतरतो. एकदा वस्तीच्या गाडीला होतो, गाव झोपलेलं, आणि मी देवळासमोर फेऱ्या मारतोय. गार पाण्याची चूळ तोंडात धरली की तेवढ्यापुरतं थांबायचं. अख्खी बाटली तशीच संपवली.

शेवटी डॉक्टर गाठले. एक्स-रे झाला. कीड नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनल, दोन-तीन सिटिंग, मग कॅप. परवा पहिली सिटिंग होती. डॉक्टर बाई आहेत, चांगल्या बोलतात. सुई कशीबशी घेतली. ओठ जड झाला. मग ते मशीन सुरू झालं, तो चिरका आवाज, दाढेला टेकल्यावर एक कळ थेट कानात गेली आणि मी उठलो. 'उठलो' हे सभ्य भाषेत झालं. गळ्यात चिमट्यांनी अडकवलेला निळा कागद तसाच घेऊन जिना उतरून मी खालच्या रसवंतीपर्यंत गेलो होतो. रसवाल्यानं विचारलं, "साहेब, दाढी अर्धीच ठेवून आला काय?"

कारण मला ठाऊक आहे. नऊ-दहा वर्षांचा असताना एके ठिकाणी दाढ काढली होती. सुई दिली आणि लगेच पक्कड. वडिलांनी डोकं धरलेलं, दुसऱ्या कुणीतरी पाय. "झालं, झालं" म्हणत होते आणि झालेलं नव्हतं. कुठं आणि कुणी ते सांगत नाही, ते गृहस्थ आता हयात नाहीत.

तर प्रश्न असा. आई ७३ वर्षांची. वडील गेल्यापासून तिला डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय, अल्प्राझोलाम ०.२५. आमच्या एका वाहक मित्राचं म्हणणं, "निम्मी टाक आणि खुर्चीत बस. दाढ कोरली का उपटली, कळणार पण नाही." बुधवारी सकाळी ११ ची वेळ मिळालीय, गुरुवारी पहाटे पाचला ड्युटी. निम्म्या गोळीनं भागेल का? दुखणं खरंच कळत नाही का? डॉक्टरांना सांगायला हवंच का? (लाज वाटते.) आणि गुरुवारपर्यंत उतरेल ना? मला बी.पी. आहे, टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिनची एकत्र गोळी रोज सकाळी घेतो.

आई गोळ्या मोजून ठेवते, म्हणजे तिला तरी सांगावंच लागणार.

रोखठोक:

घाटात गाडी घालणारा माणूस दाढेला भितो! पूर्वी गावात न्हावी उपटायचे दात, कुणी गोळ्या मागत नव्हतं. ह. घ्या.

डबलबेल:

@रोखठोक, घेतलं हलकं. घाटात स्टिअरिंग माझ्या हातात असतं हो. खुर्चीत दुसऱ्याच्या हातात.

मुक्ता_वाई:

हसले नाही, कारण हा उद्योग मी करून बसलेय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्कलदाढ काढायची होती. मिस्टरांना पाठीच्या दुखण्यावर कधीतरी दिलेल्या डायझेपामच्या गोळ्या कपाटात होत्या. मी घरून निघताना एक घेतली. दहा मिनिटांत काही होईना, म्हणून रिक्षात आणखी एक घेतली. कुणाला सांगितलं नाही. का? तर डॉक्टर रागावतील.

दवाखान्यात नंबर यायला तासभर लागला. तोवर दोन्ही गोळ्या चढल्या. खुर्चीत मी गुंगीत, "आ करा" म्हटलं तर तोंड मिटतंय, "दुखतंय का" विचारलं तर उत्तर भलतंच. आणि गंमत अशी की दुखलं ते दुखलंच! फक्त 'दुखतंय' हे सांगायची ताकद नव्हती. डॉक्टरांना वाटलं बाई शांत आहेत, छान चाललंय. नंतर मला दोन टाके घातल्याचं आठवत नाही, पण ती ओढ आठवते. हे असं कसं, मला आजही कळलेलं नाही.

पुढे कहर. रक्त थांबल्यावर एकटीच जिना उतरले आणि शेवटच्या तीन पायऱ्या चुकल्या. मनगट मुरगळलं. डॉक्टर धावत आले, तेव्हा कुठं गोळ्यांचं कबूल केलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी कळलं असतं तर आज तुम्हाला घरी पाठवलं असतं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी भिंतीला धरून चालत होते. तुम्ही तर पहाटे पाचला गाडी काढणार म्हणताय.

मेडिकलवाला:

माझं औषधांचं दुकान आहे. दोनच गोष्टी सांगतो, बाकी डॉक्टर लोक सांगतील.

अल्प्राझोलाम, डायझेपाम ही शेड्यूल एच-१ मधली औषधं. पाकिटावर लाल चौकटीत तसा इशारा छापलेला असतो. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिली हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. हा नियम २०१४ पासून लागू आहे. आईच्या नावाची चिठ्ठी म्हणजे आईच्या वयाला, वजनाला, आजारांना बघून दिलेली गोळी. तिच्या रोजच्या गोळीतली निम्मी तुम्हाला कमी पडेल की जास्त होईल, हे त्या ०.२५ आकड्यावरून कळत नाही. रोज घेणाऱ्याला सवय झालेली असते, तुम्हाला नाही.

दुसरं, ब्रेथ ॲनालायझरला गोळी सापडत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ फक्त दारूचं नाही. ज्यामुळे गाडीवर ताबा राहत नाही अशा अंमली औषधाखाली गाडी चालवणंही त्यातच येतं. आणि तुमची दुचाकी नाही, मागं चाळीस माणसं.

हो, आणि ठणक्यासाठी गोळ्या 'ढकलल्या' म्हणता त्या कुठल्या, ते बघा एकदा. सर्दीच्या, तापाच्या, अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. माणूस तीन वेगळ्या नावांनी एकच औषध खात असतो.

दातखीळ:

मी दंतवैद्य आहे, कोल्हापुरात दवाखाना आहे. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, तेव्हा ह्यातलं जे लागू वाटेल ते तुमच्या डॉक्टर बाईंना विचारायचं.

डबलबेल दादा, तुम्ही गार पाण्याचं सहज लिहून गेलात, मी तिथंच थांबले. गरमानं भडका आणि गारानं आराम, हे नस फार सुजल्याचं लक्षण. दाताच्या भिंती कडक, आत सूज आली तर तिनं पसरायचं कुठं? आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्रीचा ठणका. आणि नेमकी अशी खालची दाढ सुन्न व्हायला सगळ्यांत हट्टी असते. सुजलेल्या जागेत आम्लता वाढलेली असते, त्यात सुन्न करायचं औषध नसेच्या आवरणातून नीट आत शिरत नाही. शिवाय आतल्या नसा आधीच चाळवलेल्या. त्यामुळे ओठ जड होतो, माणूस म्हणतो "झालं सुन्न", आणि एअरोटर, म्हणजे ते कोरायचं मशीन, आत गेलं की कळ येते. तुम्हाला आलेली कळ भीतीची नव्हती, खरी होती. हे आधी डोक्यातून काढा की तुम्ही भित्रे म्हणून पळालात. दुखलं म्हणून पळालात.

अशा दाढेवर इलाज असतात. मुख्य इंजेक्शननंतर घाई न करता दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. गार बोळा लावून दाढेला काही कळतंय का ते बघायचं, ओठावर विश्वास ठेवायचा नाही. कळत असेल तर दाढेच्या बाजूनं आणखी एक, किंवा दात आणि हाडाच्या फटीत बारीक सुईनं थोडं. आर्टिकेन म्हणून सुन्न करायचं वेगळं औषध आहे, ते कधी कामी येतं. तरी हललं नाही तर उघडलेल्या नसेतच थेंबभर. ते दोन सेकंद झोंबतं, खोटं कशाला सांगू, पण त्यानंतर गप्प होतं. तासभर आधी घेतलेली आयबुप्रोफेनची गोळी अशा सुजलेल्या दाढेत इंजेक्शनला हात देते, पण तुमच्या टेल्मिसार्टनबरोबर ती स्वतःच्या मनानं नको. बी.पी. चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. विचारून.

अँटिबायोटिकनं हा ठणका जात नाही. सूज बाहेर गालावर आली, ताप आला, तर त्याचं काम. आणि कृपा करून हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका. महिन्याला एक तरी माणूस पांढरी भाजलेली हिरडी घेऊन येतो. लवंगेच्या तेलाचंही तेच, बोळा दाढेच्या खड्ड्यात, हिरडीवर नाही.

आता झोपेची गोळी. अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम, ही सगळी एकाच कुळातली. ह्यांनी धास्ती कमी होते, दुखणं कमी होत नाही. मुक्ताताईंना नेमकं हेच झालं. टाके आठवत नाहीत, कारण ह्या गोळ्या नव्या आठवणी नीट बसू देत नाहीत. ओढ कळली, कारण सुन्न करायचं काम गोळीचं नव्हतंच. सुन्न करणारी सुई लागतेच. ती नीट लागली तर पुष्कळांना गोळी लागत नाही.

तरीही गोळी हा चुकीचा मार्ग नाही. मीही देते. पण आधी प्रश्नांची सरबत्ती असते. झोपेत घोरता का? बायको "मधेच श्वास थांबतो" म्हणते का? (दादा, उत्तर द्या, मी खरंच विचारतेय.) रात्री दारू असते का? सर्दीची गुंगीची गोळी, ट्रॅमाडॉलसारखं कडक वेदनाशामक, बुरशीवरच्या काही गोळ्या चालू आहेत का? त्यांच्याबरोबर हे मिश्रण श्वास मंदावू शकतं किंवा गोळीचा अंमल लांबवू शकतं. मग गोळी शक्यतो दवाखान्यातच, माझ्या डोळ्यांपुढं, वेळेवर. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. सोबत घरचं माणूस, जो घेऊन जाईल. आणि एकावर दुसरी कधीच नाही. पहिली चढायला अर्धा-एक तास लागतो, तेवढ्यात लोक अधीर होतात.

गुरुवार पहाट? नाही. अल्प्राझोलाम निम्मं व्हायलाच शरीराला साधारण अकरा तास लागतात, डायझेपामला त्याहून कितीतरी जास्त. माणसाला "मी ठीक आहे" वाटतं आणि ब्रेकवर पाय उशिरा जातो. रजा घ्या.

मोठ्या दवाखान्यांत, दंत महाविद्यालयांत नाकावर मास्क लावून गॅस देतात, नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन. तो चटकन चढतो आणि बंद केल्यावर पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की तितक्याच चटकन उतरतो. नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही, आणि रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी असेल तर आधी सांगायचं. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते कमी निघतं म्हणून मी मुद्दाम विचारते. त्यापुढची पायरी म्हणजे शिरेतून औषध, तिथं भूलतज्ज्ञ हवा, पोट रिकामं हवं. साध्या सुन्न करायच्या सुईला मात्र उपाशी येऊ नका. अर्धे लोक भुकेनं चक्कर येऊन पडतात आणि नाव सुईचं होतं.

आमच्या धंद्याची बढाई मारायची संधी सोडत नाही. दाढ काढताना हा हसवणारा गॅस पहिल्यांदा स्वतःवर वापरणारा माणूस दंतवैद्यच होता. अमेरिकेत हार्टफर्डला होरेस वेल्स, १८४४ चा डिसेंबर. आदल्या दिवशी गॅसचा तमाशा बघायला गेला, तिथं एकाच्या पायाला जखम झाली आणि त्याला कळलंच नाही. वेल्सनं दुसऱ्या दिवशी गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढं १८४५ मध्ये बोस्टनला सगळ्यांसमोर प्रयोग केला तर पेशंट ओरडला आणि वेल्सची हुर्यो झाली. पुढच्या वर्षी त्याच गावात ईथरचा प्रयोग गाजला, तो करणारा मॉर्टनही दंतवैद्यच, वेल्सचाच जुना सहकारी. जगाला भूल दिली दातवाल्यांनी, आणि लोक आम्हालाच भितात.

एक शेवटचं. सुई दिल्यावर मिनिटभर छातीत धडधडतं का? सुईतल्या लिग्नोकेनबरोबर, म्हणजे सुन्न करायच्या औषधाबरोबर, बहुतेक वेळा थोडं ॲड्रेनलीन असतं, औषध जागेवर टिकावं म्हणून. धडधड त्याची. बरेच जण तिला स्वतःची भीती समजतात आणि मग खरंच घाबरतात. बी.पी.च्या पेशंटला आम्ही मोजून देतो, म्हणून बी.पी.ची गोळी त्या सकाळी चुकवायची नाही.

डबलबेल:

मॅडम, तीनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. घोरण्याच्या ठिकाणी ती म्हणाली, "लिही त्यांना, वस्तीच्या गाडीला असतोस तेव्हाच माझी झोप होते." श्वास मधेच थांबतो का, ह्यावर तिनं जरा विचार केला आणि "हो, कधीकधी" म्हणाली. हे मला आजच कळलं. लग्नाला २१ वर्षं झाली.

दारू महिन्या-दोन महिन्यांतून. सुई दिल्यावर धडधडलं होतं, मला वाटलं झटका येतोय.

बुधवारची वेळ रद्द करतो.

दातखीळ:

रद्द नका करू. त्याच वेळेला जा, पण फक्त बोलायला. खुर्चीत नाही, टेबलासमोर बसून. लहानपणचं सांगा, पळालात तो दिवस सांगा, घोरण्याचं सगळ्यांत आधी सांगा. घोरण्यासाठी पुढं मागं वेगळे डॉक्टरही गाठा, चालकाला ते दाढेहून महत्त्वाचं. आणि थांबायची खूण ठरवून घ्या. हात वर केला की डॉक्टर थांबणार, कारण न विचारता. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं तरी ब्रेक तुमच्याकडे.

सात_समुद्र:

मी लेस्टरला असते. इथं मला शिरेतून मिडाझोलाम दिलं होतं, दोन दाढा एकदम काढायच्या होत्या. हाताच्या मागं सुई लावली, "थोडं गरगरेल" म्हणाल्या, आणि पुढचं आठवतं ते थेट घरचा सोफा. नवरा म्हणतो मी जागी होते, सांगितलं की तोंड उघडत होते, आणि गाडीत त्याला चार वेळा विचारलं, "झालं का रे?" सोबतीचा माणूस आलेला नाही असं दिसलं तर सरळ परत पाठवतात. घरी जाताना कागद दिला: २४ तास गाडी नाही, गॅसपाशी स्वयंपाक नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही. मी त्याच संध्याकाळी ऑनलाइन दोन साड्या मागवल्या. सहीचं लिहिलं होतं, साड्यांचं नव्हतं.

एक मात्र, पुढची खेप साध्या सुईवरच केली. न आठवणं पहिल्यांदा बरं वाटलं, मग त्याचंच कसंतरी वाटायला लागलं.

मुक्ता_वाई:

डबलबेल, काय झालं ते येऊन लिहा हं. लोक प्रश्न विचारून गायब होतात.

डबलबेल:

गायब नाही, तीन आठवडे लागले. सविस्तर सांगतो.

बुधवारी गेलो, टेबलासमोर बसलो. बाईंनी रक्तदाब बघितला, १५६/९८. खाली रस पिऊन अर्ध्या तासानं परत बघितला, १४०/८८. त्यांनी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. घोरण्याचं ऐकल्यावर दोघांचंही ठरलं की गोळी द्यायचीच तर अगदी हलकी, दवाखान्यात बसवून, नाहीतर नको. मी म्हटलं, एकदा तरी हवी. मला त्या जिन्यावरनं परत पळायचं नव्हतं.

शनिवारची वेळ धरली, डेपोत रविवार-सोमवारची रजा टाकली. मेहुणा सोबत. सकाळी बी.पी.ची गोळी, दोन पोळ्या, चहा. दहाला बाईंनी त्यांच्या हातानं गोळी दिली, बोटाला चिमटा लावला आणि बाकड्यावर बसवलं. पाऊण तासानं हात बघितले. कोरडे. भीती गेली नव्हती, पण शेजारच्या खोलीत गेल्यासारखी झाली होती, तिचा रेडिओ ऐकू येत होता.

खूण ठरवायची वेळ आली तेव्हा मीच म्हटलं, हात वर नको, आमची घंटीच ठेवा. एक बोट म्हणजे सिंगल बेल, गाडी थांबली पाहिजे. दोन बोटं म्हणजे डबल बेल, जाऊ द्या. बाई हसल्या. त्यांची मदतनीस मुलगी पाटणची, तिला लगेच कळलं.

आधी हिरडीला जेल चोळली. मग सुई. बाईंनी गाल धरून हलवत हलवत दिली, इतकी सावकाश की मी मनात गिअर मोजत होतो. त्या म्हणाल्या, "आता छातीत धडधडेल, ती औषधाची." धडधडलं. औषधाचीच म्हणून बसून राहिलो. मग पंधरा मिनिटं काहीच नाही, भिंतीवरचं घड्याळ आणि मी. ह्या पंधरा मिनिटांत म्हणे मी त्या पोरीला कराडपासूनचे थांबे म्हणून दाखवले. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक, पोफळी, चिपळूण. मला हे बिलकुल आठवत नाही. ती शपथेवर सांगते, आणि म्हणते पोफळीला मी दहा मिनिटं चहाला थांबलो.

गार बोळा लावला. काही कळलं नाही. मशीन सुरू झालं. आवाज तोच. दाढेवर रबराचा पडदा ताणलेला, पाणी घशात जात नव्हतं, ह्याचा फार आधार वाटला. आणि मग एकदा कळ आली. कानापर्यंत नाही, मुंगी डसल्यासारखी. मी एक बोट वर केलं.

गाडी थांबली. खरंच थांबली. बाईंनी मशीन बाजूला ठेवलं, दोन्ही हात मला दिसतील असे वर केले. मी ४६ वर्षांचा माणूस, डोळ्यांतून पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. थेंबभर औषध आत दिलं, ते झोंबलं, तुम्ही सांगितलं होतं तितकंच. मग पाच मिनिटांनी मी दोन बोटं दाखवली.

घरी येऊन दुपारभर झोपलो. रविवारी डोकं जरा जड होतं, सोमवारी ठीक. मंगळवारी ड्युटी केली. शनिवारी गोळी घेऊन रविवारी पहाटे गाडी काढली असती तर काय, हा विचार रविवारी सकाळी चहाचा कप हातातनं सुटला तेव्हा आला.

दुसरी सिटिंग गोळीशिवाय केली. घाम आला, पण खुर्चीला पुसला. तिसरीला बाईंनीच सुरू करायच्या आधी विचारलं, "डबल बेल?"

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी दिलीच नसती. माझ्याच महिन्याला बरोबर पुरतात."

आता कॅप बसवायचीय. मेटलची स्वस्त, झिरकोनियाची तिप्पट सांगतायत. कुणी घातलीय का? मागची दाढ, बोलताना दिसत नाही.

दातखीळ:

दादा, ह्याला नवीन धागा काढा. आणि घोरण्याच्या डॉक्टरांकडे गेलात का, ते आधी सांगा.